ढालीवर ठोकलेला गळपट्टा

मी एक जुना गळपट्टा आहे. जुना म्हणजे किती, तर मला तांबडे रंगवून आठशे वर्षे उलटून गेली. तिएर्मों गावच्या लहानशा चर्चमध्ये एक चिरफाळलेली ढाल टांगलेली आहे आणि तिच्या माथ्यावर खिळ्यांनी ठोकलेला मी आहे. आता मी तळहाताएवढाच उरलो आहे. बाकीचा कसरीने खाल्ला.

मित्रांनो, मला बघायला अधूनमधून शिकलेसवरलेले लोक येतात आणि माझ्याखाली उभे राहून भांडतात. भांडणाचे कारण असे, की ढालींवरच्या रंगांना बाजारातली नावे चालत नाहीत. तिथे पांढऱ्याला चांदी म्हणायचे आणि तांबड्याला 'गूल' म्हणायचे. हा गूल आला कुठून? एक म्हणतो, इराणातल्या गुलाबाच्या 'गुल'वरून आला. दुसरा म्हणतो, सिंहाच्या लालभडक जबड्यावरून. तिसरा म्हणतो, बायका गळ्याशी तांबडी कातडी लावत त्यांच्यावरून. ते हातवारे करतात, चष्मे पुसतात, आणि मी वर लटकून थक्क होऊन ऐकतो. सगळ्या जगाचे मला ठाऊक नाही. पण आमच्या गावात तो शब्द ढालीवर कसा चढला हे मी पाहिले आहे. ते पाहून मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

तसे धक्के मला जन्मापासूनच बसत आले. दूर उत्तरेच्या बर्फात मुंगसाएवढा एक चपळ प्राणी राहत असे. हिवाळ्यात तो पांढराशुभ्र होई. त्याच्या गळ्याशी मी सुखात होतो. एका सकाळी फास पडला. त्यानंतरचे मला आठवते ते एकदम मिठाच्या पिंपातले. कुणी काही विचारले नाही, सांगितले नाही.

तिथून मी सेंत-ओमेरच्या एका रंगारणीकडे आलो. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे होते, आणि ते रक्त आहे असे वाटून मी भेदरलो. तिने मला आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले, मग मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या काढ्यात बुडवले. कातडे कढत पाण्यात पडले तर आखडते, म्हणून ती मिनिटामिनिटाला कोपर बुडवून ऊब पाहायची. "आखडू नकोस रे बाबा," ती मला म्हणाली, "पांढऱ्याला इथं कुत्रं विचारत नाही." दोन दिवसांनी तिने मला दोरीवर टाकले आणि खालच्या डबक्यात मी स्वतःला पाहिले. मी ओळखूच आलो नाही. पहाटेच्या आभाळासारखा तांबडा झालो होतो. खरे सांगायचे तर मला ते थोडे आवडलेही.

जत्रेत मला वाल्ब्रीच्या आन्सोने उचलले. आन्सो म्हणजे लहानसा सरदार. एक दगडी घर, थोडी मेंढरे, एक घोडा, आणि बडबड मात्र दहा सरदारांची. तो घोड्याच्या पाठीवर लोकरीची गासडी घेऊन आला होता. माझ्यापुढून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा थांबला आणि अख्खी गासडी देऊन त्याने मला घेतले. ती गासडी त्याने कशासाठी आणली होती, ते मला तेव्हा माहीत नव्हते. वाटेत तो विबेर नावाच्या रंगाऱ्याकडे थांबला. मी घोड्याच्या झोळीत होतो. आत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही.

घरी त्याने मला बायकोच्या खांद्यावर टाकले. तिचे नाव पेरोनेल. ती वाटाण्याची पेज ढवळत होती. पळी तशीच हातात धरून ती वळली.

"अहो, हे काय? डोकं ठिकाणावर आहे का? ढालीच्या लाल रंगासाठी हिंगूळ आणायला गेला होतात ना?"

"आणला की. विबेरला देऊन आलो. ढाल परवा रंगवून मिळेल."

"खरं?"

"खोटं बोलतोय असं तोंडावर लिहिलंय का माझ्या?"

"तुमच्या तोंडावर ते रोजच लिहिलेलं असतं. मग हे कुठून आलं?"

"लोकर जास्त भरली," आन्सो म्हणाला आणि माझा आकडा लावायला लागला. त्याची एक करंगळी आत वळलेली होती, ती सारखी मध्ये यायची. "हलू नकोस गं! सरदारणीसारखी उभी राहा जरा."

"सरदारीणच आहे मी. सरदारच जरा कमी पडतो," पेरोनेल म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. त्या दिवशी पेज करपली, आणि ती करपली म्हणून कुणी काही बोलले नाही.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. आमच्या भागात गळ्याला 'गूल' म्हणत, म्हणून माझ्यासारख्या कातड्यांनाही बायका गूलच म्हणायच्या. पेरोनेल पाणवठ्यावर दिसली की एकजण दुसरीला कोपराने ढोसायची, "आलं बघ, वाल्ब्रीचं गूल आलं. मागून बाईही येतेय." मला हे सगळे ऐकू येत असे आणि मी फुगत असे. एका रविवारी मात्र पाद्रीबुवांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "देवाने पांढरं केलेलं जनावर रक्तात बुचकळून गळ्यात मिरवणाऱ्या बायका!" ते गरजले. मी भीतीने गारठलो. मी रक्तात बुचकळलेला? मी? पेरोनेलने मान वर केली आणि शेजारणीला सांगितल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "मंजिष्ठा आहे ती." बायका हाताआड हसल्या आणि पाद्रीबुवांना पुढचे वाक्य आठवेना.

आता मित्रांनो, ढालीविषयी थोडे सांगतो, कारण पुढे सगळे तिच्यावरच येऊन ठेपले.

आन्सोचा एक चुलतभाऊ होता, गोबेर. तो इथलाच, या तिएर्मों गावचा. वाल्ब्रीपासून हे गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दोघांचा आजा एकच, दोघांची अंगकाठी एक, आणि ढालही जवळजवळ एकच. पांढऱ्या पाटावर माथ्याशी आडवा पट्टा. थोरल्या घराने, म्हणजे आन्सोच्या घराने, पट्टा लाल ठेवला. धाकट्या घराने काळा घेतला. लढाईत डोक्यावर लोखंडी टोप चढले की आई लेकराला ओळखत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. ढाल बघून माणूस सांगायचे काम भाटाचे. आमच्या भागातला भाट जाकेम. तो बाणाच्या टप्प्यावरून ढाल वाचायचा आणि कधी चुकत नसे. त्याने भर लोकांत एकदा नाव पुकारले, की ते दगडावरची रेघ.

विबेरकडून ढाल आली तेव्हा पेरोनेलने ती उजेडात धरली. "जरा केशरी नाही का वाटत?"

"ओला आहे अजून," आन्सो म्हणाला. "वाळला की गडद होईल."

त्या उन्हाळ्यात वरच्या उमरावाने सगळ्यांना लढाईला बोलावले. आन्सो आणि गोबेर एकाच तुकडीतून गेले. निघताना आन्सोने माझ्यावरून हात फिरवला आणि बायकोला म्हणाला, "थंडी नसली तरी घालत जा. मी येईपर्यंत घालत जा." उन्हाळा असूनही ती मला घालत राहिली. तिला घाम यायचा, मला घामाची सवय झाली.

तो उन्हाळा कसला, नुसता चिखल होता. पाच आठवडे पाऊस हटला नाही. सैन्य दलदलीत तळ देऊन बसल्याच्या बातम्या आल्या. माणसांना ताप आला, ब्रेडला बुरशी आली, चामडी कुजली. ढालींचे काय होत असेल, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

मग एके दुपारी भाट जाकेम गाडी घेऊन आमच्या अंगणात आला. गाडीवर ताडपत्री होती. पेरोनेल धावत बाहेर आली आणि दारातच थिजली.

"बाईसाहेब, घाबरू नका," जाकेम आधी तेच म्हणाला. "गाडी तिएर्मोंला चाललीय. गोबेर सरदार पडले. उतारावर मोठी चकमक झाली, तीन दिवस झाले. तोंड राहिलेलं नाही, पण ढाल हातातच होती. पांढऱ्यावर काळा पट्टा. मी स्वतः पुकारलं."

"आणि आमचा लाल?"

"लाल पट्ट्याची ढाल अख्ख्या मैदानात कुठं नाही. मी दोनदा फिरलो. म्हणजे धरून नेलंय त्यांना, दुसरं काही नाही. खंडणीचा निरोप येईल बघा महिन्याभरात."

पेरोनेलने सुटकेचा श्वास सोडला. मी तिच्या गळ्याशी होतो, मला तो जाणवला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती म्हणाली, "बेर्थाचं कसं होणार आता? उद्या मी येते म्हणावं." बेर्था म्हणजे गोबेरची बायको. पेरोनेलने गाडीवर रोजमेरीचा मूठभर सुवासिक पाला टाकला, हात जोडले, आणि ती गाडी आमच्या अंगणातून निघून गेली.

मित्रांनो, मी त्या गाडीपासून चार हातांवर होतो. चार हातांवर!

दुसऱ्या दिवशी आम्ही इथे पुरायला आलो. मृतासमोर लाल दिसू नये म्हणून पेरोनेलने मला उलटा केला होता, केस आत आणि कातडे बाहेर. मला काही दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. बेर्था हुंदके देत होती आणि पेरोनेल तिला धरून म्हणत होती, "रड बाई, रड. तुझं दुःख मला कळतंय." पाद्री गोबेरच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणत होते. कुणीतरी ढाल भिंतीवर टांगली, तिचा लाकडी आवाज झाला. परत जाताना पेरोनेल वाटेत एका ओंडक्यावर बसली आणि देवाचे आभार मानू लागली. आपला नवरा जिवंत आहे, म्हणून.

मग वाट बघणे सुरू झाले. एक आठवडा, दोन, पाच. तिने खंडणीसाठी कोणती मेंढरे विकायची ती बाजूला काढली. त्याच्या गादीचा पेंढा बदलला. कुत्रे भुंकले की ती दाराशी जायची. निरोप काही आला नाही.

आणि चाळिसाव्या दिवशी तिएर्मोंचा गडी धापा टाकत आला. "बाईसाहेब, धनी... आमचे धनी आले."

"कोण धनी?"

"गोबेर धनी. मेलेले. लंगडत आले. मालकिणीच्या हातातली बादली पडली, त्या दारातच कोसळल्या. आता शुद्धीवर आहेत, पण धन्यांना जवळ येऊ देत नाहीत."

पेरोनेल हसली, रडली, गड्याला तिने बिअर पाजली आणि घोड्यावर बसली. वाटभर ती म्हणत होती, "बेर्थाचं नशीब बघ! बेर्थाचं नशीब बघ!" मीही त्याच आनंदात होतो. अर्ध्या वाटेवर तिचे बोलणे एकदम बंद पडले. तिने घोडा थांबवला. माझ्याखाली तिच्या गळ्यातली शीर ताडताड उडायला लागली. तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. गोबेर जिवंत आहे. मग त्याच्या थडग्यात कोण आहे?

आम्ही पोचलो तेव्हा गोबेर याच चर्चमध्ये, स्वतःच्याच थडग्यापाशी काठी टेकून उभा होता. बेर्था बाजूला भिंतीला चिकटून होती.

"या वहिनी," तो म्हणाला. "मी मेलो कधी, ते मला तरी कुणी सांगाल का? पाय मोडून नदीत पडलो, ढाल वाहून गेली, साधूंच्या मठात महिनाभर पडून होतो. इथं येतो तर माझ्या आत्म्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना झालेल्या! म्हणून पाय जुळला असेल."

कुणी हसले नाही. त्यालाही हसू आले नाही. त्याने काठीने भिंतीवरच्या ढालीकडे दाखवले. "ही माझी नव्हे. माझ्या ढालीला धरायला आतून दोन चामडी पट्टे. मी उलटून पाहिली, हिला तीन आहेत."

"आमच्या ढालीला तीन आहेत," पेरोनेल म्हणाली.

ती ढालीपाशी गेली. काळ्या पट्ट्यावर तिने अंगठ्याचे नख टेकवले आणि ओढले. काळी खपली निघून खाली पडली. खालून रंग दिसला. केशरी, तांबूस, जिवंत. बेर्था किंचाळली. मला वाटले आता पेरोनेल पडणार. ती पडली नाही. ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर, खरे सांगतो, आनंद होता.

"हा शेंदूर आहे! बघा, हा स्वस्तातला शेंदूर आहे. आमची ढाल हिंगुळाची. हिंगूळ असा काळा पडत नाही. माझ्या नवऱ्याने गासडीभर लोकर देऊन हिंगूळ आणला होता. हा दुसराच कुणीतरी आहे."

"वहिनी..."

"विबेरला बोलवा! त्यानंच रंगवली, तोच सांगेल."

विबेर येईपर्यंत संध्याकाळ व्हायला आली. तोवर ती थडग्याकडे पाठ करून बसून राहिली. मी तिच्याबरोबर मनात घोकत होतो, हिंगूळ, हिंगूळ, हिंगूळ. विबेर आला, त्याने ढालीकडे पाहिले आणि टोपी काढून छातीशी धरली.

"सांग त्यांना," पेरोनेल म्हणाली. "आमची हिंगुळाची होती ना?"

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला.

"बोल ना रे! दातखीळ बसली का?"

"बाईसाहेब, हिंगूळ आलाच नाही. धनी जत्रेतून आले ते रिकाम्या हातानं. म्हणाले, विबेर, लोकर संपली, यंदा शेंदूर लाव, पुढच्या वर्षी हिंगूळ आणीन. मी म्हटलं, धनी, शेंदूर ओलीत काळा पडतो. ते हसले. घोड्याच्या झोळीकडं बोट केलं नि म्हणाले, तिथं काय आहे ते बघितलंस तर तूही हेच करशील. ढालीकडं शत्रू बघणार, विबेर. माझ्या बायकोकडं मी बघणार. आणि म्हणाले, घरी सांगू नकोस, फाडून खाईल मला."

मित्रांनो, मी इतकी वर्षे इथे लटकतो आहे, पण त्या क्षणी जे झाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो हिंगूळ म्हणजे मीच होतो. मी पाणवठ्यावर मिरवत होतो, फुगत होतो, आणि तिकडे दलदलीत त्याचे नाव दिवसादिवसाने काळे पडत होते. मला त्या गळ्यावरून निसटून जमिनीत शिरावेसे वाटले. पण आकडा लावलेला होता.

पेरोनेल उठली आणि बेर्थासमोर जाऊन उभी राहिली.

"तू त्याला आंघोळ घातलीस."

बेर्था मागे सरकली. "मी नि म्हातारी मोलकरीण. तोंड नव्हतंच गं, अंग फुगलेलं..."

"हात धुतलेस?"

"धुतले."

"डावी करंगळी कशी होती?"

बेर्थाने तोंडावर हात घेतला. मग बोटांतून म्हणाली, "आत वळलेली."

लहानपणी जात्यात सापडलेली ती करंगळी. माझा आकडा लावताना रोज मध्ये येणारी.

"आणि तुला काही वाटलं नाही?" गोबेर ओरडला. "पंधरा वर्षं संसार केलास! माझी करंगळी वाकडी होती का कधी?"

"वाटलं!" बेर्था त्याच्यावर उलटली. "वाटलं मला! ही बोटं ह्यांची नव्हेत, असं क्षणभर वाटलं. पण भाटानं चार गावांत पुकारलं होतं. ढाल हातात होती. सगळे म्हणत होते तुमचंच प्रेत आहे. मी एकटी बाई, ढालीपेक्षा मला जास्त कळतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? मीच माझ्या डोळ्यांना गप्प बसवलं. लढाईत मोडलं असेल म्हटलं, आणि कफनात बांधलं त्याला."

आम्ही सगळ्यांनीच तेच केले होते.

पेरोनेल थडग्यापाशी खाली बसली आणि दगडावर तिने हात ठेवला. "चाळीस दिवस," ती म्हणाली. "चाळीस दिवस तुम्ही ह्याच्यासाठी रोज प्रार्थना केलीत आणि एकदाही ह्याचं नाव घेतलं नाहीत. मी घेतलं नाही. मी देवाचे आभार मानत होते." मग ती पुढे जे म्हणाली ते सगळ्यांनी ऐकले. "मला ह्याला इथून हलवायचं नाही. मला ह्याचं नाव हवं. जाकेमला बोलवा. ज्या तोंडानं चुकीचं पुकारलं त्याच तोंडानं, भर लोकांत."

विबेर म्हणाला, "बाईसाहेब, मी पट्टा पुन्हा रंगवतो. खऱ्या हिंगुळानं. माझ्या पदरचा घालतो."

"रंग नको," पेरोनेल म्हणाली.

तिने मानेमागे हात नेला, आकडा काढला आणि मला समोर धरले. तिच्या गळ्यावर माझ्या जागेपुरता घामोळ्यांचा पट्टा उठला होता. "हे त्याचं होतं," ती म्हणाली. "हातोडी आणा." हातोडी तिने कुणाच्या हातात दिली नाही. काळ्या पट्ट्यावर मला आडवे धरून तिने स्वतः एकेक खिळा ठोकला. कातड्यातून खिळा जाताना दुखते. मला दुखावे असे वाटत होते.

पुढच्या रविवारी जाकेम आला. चर्च भरून लोक अंगणात उभे होते. त्या दिवसापर्यंत आयुष्यात न चुकलेला तो माणूस खांदे पाडून आत आला. आधी त्याने पेरोनेलसमोर गुडघा टेकला.

"काय बोलू, बाईसाहेब?"

"मला काही बोलू नका. वर बघा नि वाचा," ती म्हणाली. "ह्या वेळी जवळ जाऊन वाचा."

तो ढालीपाशी आला, इतका जवळ की त्याचा श्वास मला लागला. त्याने हात उचलून माझ्यावरून बोटे फिरवली. मग तो लोकांकडे वळला आणि त्याने सुरुवात केली. "चांदीची ढाल. माथ्याला..." इथे तो अडला. एरवी तो सरळ लाल म्हणायचा. पण त्या लालाने काय केले होते ते समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्याची जीभ तो शब्द उचलेना. त्याने पेरोनेलच्या उघड्या गळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घसा खाकरला.

"चांदीची ढाल, माथ्याला गूल," तो मोठ्याने पुकारला. "वाल्ब्रीचा आन्सो. उताराच्या लढाईत पडला. तो इथं आहे."

लोक एका आवाजात म्हणाले, "देव आन्सोला शांती देवो." नाव ऐकले आणि पेरोनेलने हंबरडा फोडला. इतक्या दिवसांनंतर तिला रडायची परवानगी मिळाली होती. बेर्थाने तिला धरले, आणि या वेळी खरेच जिचे दुःख होते तिलाच धरले.

जाकेमने तो शब्द पुन्हा बदलला नाही. त्याच्या मुखातून तो इतर भाटांनी उचलला, आणि आमच्या भागातल्या ढालींवरचा तांबडा रंग गूल झाला. कुणी मला विचारले नाही. एका गळ्याची शोभा म्हणून आलेल्या कातड्याला इतका मोठा मान मिळावा, याने मी आजही चकित होतो, आणि तो कोणत्या किमतीने मिळाला हे आठवून गप्प होतो.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला कसर संपवते आहे, तिला संपवू द्या. माझी विनंती निराळी आहे. तुमच्या माणसांविषयी कुणी कितीही मोठ्या आवाजात काही पुकारले, सगळ्या गावाने मान डोलावली, तरी आधी जवळ जा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. आणि डोळ्यांना शंका आली, तर त्यांना गप्प बसवू नका. बेर्थाने त्या दिवशी धुताना नुसते एवढेच विचारले असते, "ही बोटं कुणाची?", तर माझी मालकीण आपल्या नवऱ्याला पुरताना दुसरीचे सांत्वन करत उभी राहिली नसती.